बाई, ते सहा फुलस्केप कागद बाबांनी जपून ठेवले होते

आदरणीय बाईंना,
सादर नमस्कार.

जर्मनीत एका घरी मुले सांभाळण्याचे वर्ष पुरे करून मला कोपरखैरण्याला परतून तीन आठवडे झाले. तुमच्याकडे पेढे घेऊन आले, पाया पडले, पण मनातले बोलणे तसेच राहून गेले, कारण कोणी आभार मानू लागले की तुम्ही लगेच चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, म्हणजे माझ्या वयाच्या मुलामुलींच्या आईवडिलांच्याही ते वाचनात येईल.

तुमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही वाशीतल्या एका एजंटाकडे ४५,००० रुपये भरून बसलो होतो. ब्रिटनच्या ‘यंग प्रोफेशनल्स’ योजनेत नंबर लावून देतो, महिना दीड लाख कुठे गेले नाहीत, असे त्याने काचेच्या केबिनमध्ये बसून सांगितले होते. २०२३ साली सुरू झालेल्या या योजनेत भारतीयांसाठी वर्षाला ३,००० जागा असतात, त्यांची सोडत तिथले सरकार स्वतः काढते, सोडतीत नाव नोंदवायला एक पैसाही लागत नाही आणि मुख्य म्हणजे पदवी लागते, हे सगळे मला तुमच्याकडून कळले. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ते त्या गृहस्थाला ठाऊक होते, तरी त्याने पावती फाडली, आणि पुढे फोन घेणे बंद केले. बाबांनी पतपेढीतून काढलेल्या त्या कर्जाचे हप्ते आजही चालू आहेत. कॉलेजात विचारायला गेले तर ‘भित्तिफलक पाहा’ एवढेच उत्तर मिळाले. फलकावर त्याच एजंटाची जाहिरात होती.

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी मला निराश केलेत, आणि त्याचे मोल मला फार उशिरा कळले. पदवी हातात येईपर्यंत जर्मनचा पाया पक्का कर, मग ‘ओ-पेअर’ म्हणून जाता येते का ते पाहू, असे म्हणालात. हा शब्द मूळचा फ्रेंच, त्याचा अर्थ ‘बरोबरीने’. जी मुलगी घरात राहून मुले सांभाळते, तिला त्या घराने मोलकरीण नव्हे तर घरचे माणूस मानायचे असते, हेही तुम्हीच सांगितलेत. परीक्षा, अर्ज, व्हिसा यांची यातायात तुम्हालाही पाठ आहे, ती इथे उगाळत नाही.

मला लिहायचे आहे ते त्या सहा कागदांविषयी. तिथल्या कुटुंबाकडून करार आला तो जर्मन आणि इंग्रजीत. माझे बाबा माथाडी कामगार, शिक्षण सातवीपर्यंत. एकदा पोळलेले असल्यामुळे त्यांनी सही करू नकोस असे निक्षून सांगितले होते, आणि आई तर ‘तिकडे जाऊन लोकांची पोरं सांभाळायची?’ याच्यापुढे सरकत नव्हती. तुम्ही त्यांची समजूत घालायला घरी आला असतात तर ते ऐकून घेऊन गप्प बसले असते. त्याऐवजी तुम्ही तो अख्खा करार मोठ्या, सुट्या अक्षरांत मराठीत लिहून काढलात, उजवीकडे रुंद समास सोडलात आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर लिहिलेत : ‘वडिलांनी आधी वाचावे. शंका समासात लिहाव्यात.’

बाबांनी ते कागद दोन रात्री वाचले. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम, आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवड्यांची रजा, विम्याचा खर्च त्या कुटुंबाकडे, भाषेच्या वर्गासाठी महिना ७० युरो. महिना २८० युरोंच्या पुढे तुम्ही ‘हा पगार नव्हे, हातखर्च’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या दोन रेघांवर बाबांचा विश्वास बसला. रक्कम कमी करून सांगणारे माणूस फसवत नाही, असे ते आईला म्हणाले. मग कांदा-बटाटा बाजारात माथाडी मंडळात जमा होणाऱ्या लेव्हीचा हिशेब पाहणाऱ्या माणसाला शोभेल असे त्यांनी समासात पेन्सिलीने विचारले : ‘जादा तास भरले तर दाद कोणाकडे? तिथे बोर्ड आहे का?’ तुम्ही हसला असाल, पण उत्तर हसण्यावारी नेले नाहीत. माथाडी मंडळासारखे बोर्ड तिथे नाही, कुटुंबाशी पटले नाही तर करार मोडून दुसरे घर शोधता येते, आणि अडचणीच्या वेळी कोणाला गाठायचे, हे सारे त्याच समासात नीट लिहून कागद परत पाठवलेत.

मला मदत करणारी माणसे पुढेही भेटली, परक्या गावात तर पुष्कळ भेटली. पण माझ्या बापाला शंका विचारण्याची जागा सोडणारे माणूस तुमच्याशिवाय दुसरे भेटले नाही. शिकलेली माणसे आमच्यासारख्यांच्या घरी सल्ला घेऊन येतात. कोरा समास घेऊन कोणी येत नाही.

परवा ते कागद पुन्हा पाहावेत म्हणून बाबांची पत्र्याची पेटी उघडली, तर तिथे त्यांचे माथाडीचे कार्ड होते, कर्जाचे पासबुक होते, कागद नव्हते. त्यांच्या माथाडी टोळीतल्या एकाची मुलगी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वडिलांना ते वाचायला दिले आहेत, आणि पेन्सिलही सोबत दिली आहे. समासात आता फारशी जागा उरलेली नाही, तेव्हा बाई, एक कोरा कागद जोडावा लागेल असे बाबांनी तुम्हाला कळवायला सांगितले आहे.

आपली विद्यार्थिनी,
कोपरखैरणे