नावं ठाऊक नसलेल्या आपल्या माणसांचे आभार

आमच्या मुलीच्या आजाराला अखेर नाव मिळालं: ग्लूट-१ कमतरता. रक्तातली साखर मेंदूपर्यंत पोहोचवणारं प्रथिनच कमी पडतं, म्हणून झटके येतात, तोल जातो. १९९१ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा आजार इतका दुर्मीळ, की अनेक डॉक्टरांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

रात्रपाळीच्या सिस्टर, सर्वांत आधी तुम्ही. झटके सकाळी उपाशीपोटी जास्त येतात आणि खाल्ल्यावर ती सावरते, हे तुम्ही नुसतं पाहिलं नाहीत, वेळेसकट लिहून ठेवलंत आणि राउंडला आवर्जून सांगितलंत. त्या नोंदीवरूनच पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायचं ठरलं. रक्तातली साखर नेहमीसारखी, त्या पाण्यातली मात्र खूपच कमी! पुढे एसएलसी२ए१ या जनुकात दोष सापडला. आमच्या मते अर्धं निदान तुमचंच.

बाकावर शेजारी बसलेल्या ताई, झटक्याचा व्हिडिओ काढून ठेवा, असं तुम्ही सांगितलंत. त्या क्षणी मोबाइल हातात धरणं फार जड गेलं, पण डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग झाला. तपासणीआधी ती उपाशीच आहे ना, हे दोनदा विचारणारे लॅबमधले दादा, तुमचेही मनापासून आभार.

आता डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी गोड-पिठूळ पदार्थांचा आहार, सुरू आहे. मेंदूला साखरेऐवजी चरबीपासून तयार होणाऱ्या कीटोनचं इंधन मिळतं. झटके बरेच कमी झालेत, चालही सुधारतेय. तुमच्यापैकी कुणापर्यंत हे पोहोचलं, तर तिला भेटायला नक्की या.