डब्यावरचा वेग आणि आपली रायफल

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लांब पल्ल्याच्या नेमबाजीवरचा लेख वाचला. वाऱ्याविषयी लेखकाने झकास लिहिलं आहे. मात्र सोबतच्या तक्त्यात ७.६२ मिमी गोळीचा वेग ‘सेकंदाला ८३८ मीटर’ छापून, हा आकडा गोळी किती खाली येईल ते सांगणाऱ्या मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये भरला की काम झालं, असं म्हटलंय. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसांचा वेग मोजण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे राहवलं नाही.

८३८ हा डब्यावरचा आकडा खोटा नाही. पण तो चाचणीच्या नळीतून, ठरलेल्या तापमानाला ठेवलेली काडतुसं झाडून काढलेला असतो. शिवाय सरासरी, आणि तिलाही थोडी वरखाली सूट. आपली नळी आखूड असेल तर वेग कमी पडतो, काडतुसं दुपारभर उन्हात तापली तर वाढतो. लॉट बदलला की पुन्हा वेगळा. सेकंदाला १० मीटरचा फरक ३०० मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर दिसेल, म्हणजे दिसणारच नाही. ८०० मीटरवर तोच वीतभर होतो.

म्हणून अ‍ॅपचं गणित आपल्या रायफलीवर बसवून घ्यावं लागतं. गोळी प्रत्यक्षात कुठे लागली ते पाहून वेगाचा आकडा थोडा सरकवायचा, हे लेखकाने शेवटी ओझरतं सांगितलंय. खरी गोम तिथेच आहे. वेगाला हात लावण्याआधी स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेम धरायची दुर्बीण, तपासा. १०० मीटरवर उंच कागद ओळंब्याने टांगा आणि स्कोपवर १० मिलरेडियन (कोन मोजायचं एकक) चढवा. गोळ्या बरोबर एक मीटर वर लागल्या पाहिजेत. ९८ सेंटिमीटरच चढल्या, तर ८०० मीटरवर १४-१५ सेंटिमीटरची चूक एकट्या स्कोपची. ती वेगाच्या माथी मारली की त्या मैदानावर गणित जुळतं, आणि माणूस खूश होऊन घरी जातो! पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर, लेहची साडेतीन हजार. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास ३० टक्के विरळ, गोळीला अडवणारं कमी. असा ओढूनताणून जुळवलेला वेग तिथे उघडा पडतो.

स्कोप ठीक निघाला, की क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) वेग मोजा आणि मग ६००-७०० मीटरवर, गोळी आवाजाच्या वेगापेक्षा बरीच पुढे असताना, तो ताडून पाहा. हवा गोळीला किती अडवते ते सांगणारा, अ‍ॅपमधला हवेच्या रोधाचा गुणांक शेवटी जुळवा, त्याहून लांबच्या अंतरावर. तोही बरोबर साच्याचा हवा: जी-१ हा साचा सपाट बुडाच्या जुन्या गोळीवरून बेतलेला आहे, मागे निमुळत्या लांब गोळीला जी-७ जास्त जुळतो. आणि तीन गोळ्या मारून आकडे बदलू नका. एकाच डब्यातली काडतुसंसुद्धा एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, हे मी रोज पाहिलंय. दहा मारा, मधला बिंदू काढा. (काडतुसं महाग आहेत, कबूल.)

हा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा वेगाखाली नळीची लांबी, तापमान आणि तो कोणत्या अंतरावर मोजला, एवढं जरूर द्या. जागा एका ओळीचीच लागेल.

— एक निवृत्त कर्मचारी, दापोडी, पुणे