मांडवी एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि सौ. आई, शि. सा. नमस्कार.

बाबांच्या पार्किन्सन्सच्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली. विसर्जनानंतरचा दुसरा सोमवार. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण बाबा, सिंडोपाची गोळी आता दोन तासही पुरत नाही. ओटीवरून खळ्यात उतरताना तुम्ही भिंत चाचपता, ते बघवत नाही. आणि मेंदूत तारा बसवायचं हे काही नवं खूळ नाही, १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला सुरू झालं. आजार जाणार नाही, पण हातपाय मोकळे होतील.

आई, एक गोष्ट फोनवर सांगवेना. मेंदूत तारा बसवल्यावर पहिले काही दिवस बाबा गोंधळू शकतात. डिलिरियम म्हणतात त्याला. आपण कुठे आहोत कळत नाही, नसलेली माणसं दिसतात, रात्री सलाइन उपसतात. वय जास्त, आजार जुना, की शक्यता वाढते. हे वेड नव्हे, बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं.

हर्नियाच्या वेळी "कलमांत माकडं शिरली" म्हणत बाबा खाटेवरून उतरायला लागले आणि मी ओरडलो. बाबा, तुम्हाला आठवत नाही, मला आठवतं. तापात मला छपरातून समुद्र येताना दिसायचा, तेव्हा तुम्ही नाही ओरडलात. कंदील वर धरून कौलं मोजायला लावायचात, झोप लागेपर्यंत. या वेळी मी हात धरून बसेन. कलमं शाबूत आहेत, एवढंच सांगत राहीन.

रात्री मीच थांबणार, आई. रागावू नकोस. दिवसा त्यांना तुझाच आवाज लागेल, म्हणून तुझी झोप व्हायला हवी. घरी कमोड बसवलाय, न्हाणीत धरायला दांडे लावलेत, गॅलरीची खोली तुमची.

आता ऐका. चष्मा, कानाचं यंत्र आणि मोठ्या आकड्यांचं घड्याळ हातातल्या पिशवीत. ऐकू-दिसू आलं नाही की गोंधळ वाढतो. पॅसिटेनची गोळीही गोंधळ वाढवते, डॉक्टरांनी ती कमी करत करत बंद केली ती त्यासाठीच, फडताळातल्या उरलेल्या पट्ट्या माझ्याकडे द्या. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिंडोपाही थांबवतील, अंग ताठरेल, घाबरू नका. गोंधळ शमवायला देतात ते हॅलोपेरिडॉल पार्किन्सन्सला चालत नाही, हे मी फाइलवर लाल शाईने लिहिलंय. पाणी प्या, बाबा. पोट साफ राहिलं पाहिजे.

गुहागरहून चिपळूण स्टेशनपर्यंत गाडी सांगितली आहे. आई, कुळथाचं पीठ आण, इथलं बाबांना आवडत नाही.

तुमचा,
बाबू