चढणीच्या माशांचा हिशेब: ओरेगॉनच्या मत्स्य विभागाच्या संचालकांना खुले पत्र

मा. संचालक,
ओरेगॉन मत्स्य व वन्यजीव विभाग, सेलम
यांस स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितोय ते बीव्हर्टन-हिल्सबरोकडच्या आमच्या माणसांसाठी. नोकरीनिमित्त इथे आलेल्यांत कोकणातलेही आहेत, लहानपणी गरी टाकलेले, आणि इथे रीतसर लायसन-टॅग काढून कोलंबिया नदीवर गरवायला जाणारे. दर वसंतात त्यांचा एकच प्रश्न असतो: चिनूकचा, म्हणजे इथल्या मोठ्या सामन माशाचा, सीझन सुरू झाला हे कळेपर्यंत तो बंद कसा होतो?

आमच्याकडे मृगाचा पाऊस पडून ओहोळ गढूळ झाले की मासे नदीतून उलटे वर निघतात, थेट भाताच्या खाचरांत. त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. पोटात गाभोळी असते आणि नेमके तेव्हाच ते टोपलीभर पकडले जातात. मीही पकडलेत. किती चढले आणि किती आम्ही खाल्ले, हे कुणी कधी मोजलं नाही. आता ओहोळात मासेच फारसे चढत नाहीत, तर मोजणार काय!

म्हणून कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणाला माशांना वर चढण्यासाठी बांधलेल्या जिन्यातली, मासे मोजायची ती काच पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तासभर हललो नाही. समुद्रापासून सुमारे 235 किलोमीटर वर आलेला चिनूक काचेसमोर क्षणभर थबकतो, शेपटीचा एक फटका मारतो आणि पुढच्या पायरीला लागतो. एकाच्या कुशीवर समुद्रसिंहाच्या दातांचे ताजे ओरखडे होते. शेजारी एक लॅम्प्रे, वामासारखा लांबट जलचर, तोंडाने काचेला चिकटून दम खात होता. मोजणारा माणूस तासातली 50 मिनिटं मोजतो, 10 मिनिटं डोळ्यांना विश्रांती देतो आणि त्यावरून तासाचा आकडा निघतो. 1938 पासून हे चाललंय. इतक्या वर्षांची अशी वही फार थोड्या नद्यांकडे असेल. या वहीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती वही उघडण्याआधीच बराचसा वाटा वाटून टाकण्याबद्दल.

वाचकांसाठी थोडं सांगतो. यंदा किती स्प्रिंगर, म्हणजे वसंतातले चिनूक येतील, याचा अंदाज हिवाळ्यात बांधतात. मुख्य आधार ‘जॅक’चा. समुद्रात नेहमीपेक्षा एक वर्ष कमी राहून परतलेले हे छोटे नर. गेल्या वर्षी जॅक भरपूर आले तर यंदा त्यांची भावंडं भरपूर येतील, असा हिशेब. कधी जमतो, कधी पार आपटतो. 2005 साली धरणांच्या वरच्या भागात जाणाऱ्या स्प्रिंगरचा अंदाज अडीच लाखांच्या वर होता, आले एक लाख सात हजारांच्या आसपास. 2022 मध्ये उलटं झालं: अंदाज 1,22,900 चा आणि आले 1 लाख 85 हजारांच्या घरात. 1995 मध्ये तर जेमतेम दहा हजार आले होते, आणि 2001 मध्ये चार लाखांच्या आसपास. समुद्राचं पाणी तापलं की थंड, धाकट्या माशांना खायला मिळालं की नाही, हे सगळं आमच्या नजरेआड घडतं.

असा बेभरवशाचा आकडा असल्याने मोजणीवरून अंदाज सुधारेपर्यंत तुम्ही 30 टक्के कापून हिशेब धरता. हे मला मान्य आहे. दर फेब्रुवारीत सुनावणीला बोटवाले येऊन ‘ही कपात काढा’ म्हणतात, त्यांचं ऐकू नका. कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीचे रानटी चिनूक 1992 पासून धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहेत. त्यांच्या पाठीवरचा मागचा छोटा मांसल पर शाबूत असतो, म्हणून ते ओळखून सोडून द्यायचे; कापलेल्या पराचे, हॅचरीचे (माणसाने पैदास करून सोडलेले) तेवढे घरी न्यायचे. पण सोडलेल्यातलेही काही मरतात आणि ते तुमच्या हिशेबात धरलेले असतात. 2005 सारखं वर्ष पुन्हा येईल तेव्हा तेच 30 टक्के कामी येतील.

आता किनाऱ्यावरून बघा. सीझन 1 मार्चला उघडतो आणि बहुतेक वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला आटोपतो. तोवर मासा खालच्या पट्ट्यात असतो. तिथे बोटी असतात, फिश-फाइंडर असतो, मासा जाईल तिकडे जाता येतं. बॉनव्हिलच्या जिन्यावर खरी गर्दी होते ती एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात. धरणाच्या खालच्या तुकड्यात, जिथे फक्त काठावरूनच गरवायची परवानगी आहे, तिथे आम्ही मार्चभर प्लंकिंग करत बसतो. वाळूत पाइप रोवायचा, त्यात रॉड उभा करायचा, जड शिसं लांब फेकायचं, टोकाला घंटी बांधायची. घंटी वाजते, पण गॉर्जच्या, म्हणजे नदीच्या या घळीतल्या, वाऱ्याने. पुढे मासा येतो तेव्हा कोटा संपलेला असतो. मग मोजणीवरून अंदाज सुधारला आणि काही शिल्लक निघालीच, तर दोन-चार दिवस उघडतात. ते आठवड्याच्या मधले असले तर नोकरी करणाऱ्याने काय करायचं?

एकदा मी रजा टाकून पहाटे चारला निघालो आणि धरणाखालच्या टॅनर क्रीकला पोचल्यावर कळलं की सीझन आदल्या दिवशीच बंद झालाय. चूक माझी, सूचना मी वाचली नव्हती. परतताना थर्मासमधला चहा मात्र पुरला.

मागणी अशी. सुधारित अंदाजाआधीच्या वाट्यातला एक छोटा हिस्सा धरणाखालच्या काठासाठी बाजूला ठेवा आणि मे उजाडेपर्यंत त्याला हात लावू नका. नंतर तो द्या, आणि शनिवार-रविवार धरून द्या. हे नवीन नाही. धरणाच्या वरच्या पट्ट्यासाठी आणि स्नेकसाठी तुम्ही वेगळा वाटा राखताच, कारण तिथे मासा उशिरा पोचतो. आमच्याकडे त्यांच्याआधी पोचतो, पण बोटींच्या मानाने उशिराच. जिन्यावरचा आकडा अंदाजाच्या खाली राहिला तर आमचा हिस्सा नदीलाच जाऊ दे, त्यावर कुणी अर्ज-विनंत्या करणार नाही. निदान मी तरी नाही.

सीझन बंद झाला की काठावर एक चर्चा हमखास सुरू होते, ‘मूलनिवासींची जाळी सगळं नेतात’ अशी. आमच्या मराठी मंडळींनी त्यात माना डोलवू नयेत. याकामा, वॉर्म स्प्रिंग्ज, उमाटिला आणि नेझ पर्स यांचा हक्क 1855 च्या करारांतला आहे. त्यांचा सेलायलो धबधबा, जिथे ते हजारो वर्षं मासे धरत होते, 10 मार्च 1957 रोजी द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली गेला. वाटा मागायचा तर तो आमच्याच बोटवाल्यांकडून मागतोय, त्यांच्याकडून नाही.

आणि जूनमध्ये शॅड लाखांनी चढतो तेव्हा मर्यादा नसते, कुणी हटकत नाही. 1871 मध्ये पूर्व किनाऱ्यावरून आणून कॅलिफोर्नियात सोडलेला हा पाहुणा पुढे आपणहून इथे आला. हिलशाच्या कुळातला, काट्यांनी भरलेला. ज्यांना काटे काढत जेवायची सवय आहे त्यांनी जरूर जावं, दिवाळीच आहे. पण स्प्रिंगरची भूक त्याने भागत नाही.

येत्या फेब्रुवारीतल्या सुनावणीला मी ऑनलाइन असेन. दोन मिनिटं मिळाली तर वरची मागणी तेवढी वाचून दाखवीन. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण नाही म्हणालात तर काठावरच्यांना मागच्या पाच वर्षांत एप्रिलच्या आधी धरणाखाली किती चिनूक मिळाले, तो आकडा त्यासोबत द्या.

आपला,
टॅनर क्रीकच्या काठावरचा एक गरवणारा