कृत्रिम हात-पाय द्यायच्या आधी माणसाला विचारूया : कोल्हापूरकरांना नम्र आवाहन

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतील. चरकात ऊस सारताना, कडबाकुट्टीत वैरण घालताना हात गमावलेली माणसं आपल्या गावोगावी आहेत. शुगरमुळं पाय काढावा लागलेले आहेत, जन्मापासूनच एक हात कोपरापर्यंत असलेली मुलंही आहेत. या सगळ्यांसाठी आमचं तालीम मंडळ यंदा वर्गणीतला काही भाग बाजूला काढून निधी उभारत आहे. त्यात आपलीही भर हवी.

मोफत वाटपाची शिबिरं होतात, ती व्हायलाच हवीत. जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून मांडी घालता येते, अनवाणी शेतात जाता येतं, हे थोडं नाही. पण पाय काढल्यावर उरलेला भाग पुढं कित्येक महिने आक्रसत राहतो. सुरुवातीला घट्ट बसलेला सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा खोलगट भाग, सैल होतो, कातडी सोलते, आणि तो पाय माळ्यावर जाऊन पडतो. वाढत्या मुलांना तर पुन्हा पुन्हा नवा लागतो. म्हणून आपला पैसा मुख्यतः सॉकेट बदलणं, त्याच्या आत घालायचे मोजे, दुरुस्ती आणि एसटीचं भाडं यासाठी वापरू.

हाताची गोष्ट वेगळी. हुबेहूब दिसणाऱ्या हातानं फारसं काम होत नाही. हुकाचा हात कामाचा, पण चारचौघांत घालायचा संकोच वाटतो. जन्मापासून कोपराखाली हात नसलेली मुलगी उरलेल्या भागानं वही दाबून धरते, दप्तराची चेन लावते. तिथल्या कातडीला स्पर्श कळतो, वर कृत्रिम हात चढवला की तो भाग झाकला जातो. तिनं ‘मला नको’ म्हटलं, तर लग्नाचं निमित्त पुढं करून कुणी गळ घालू नये. निधीतला तिचा वाटा तिला सोयीच्या दुसऱ्या साधनासाठी मिळेल.

इथं उद्यमनगरच्या कारागिरांना खास विनंती. विळ्याची मूठ, गाडीचा ब्रेक, पोळपाट एका हातानं वापरता येईल असं काही करून द्या. अशी कामं तुमच्या हातची आहेत.

आणि ज्यांनी कृत्रिम अवयव वापरला, सोडला किंवा घेतलाच नाही, अशांनी आठवड्यातून एखादी संध्याकाळ तालमीत बसावं. नुकताच पाय गेलेल्या माणसाला तुमच्याशी बोलायचं असतं.

देणाऱ्यांची नावं फलकावर लागतील. घेणाऱ्यांचे फोटो काढले जाणार नाहीत. देणगी रोज संध्याकाळी तालमीच्या कार्यालयात स्वीकारली जाईल. पावती अवश्य घ्यावी.