चकचकीत बार आधी का तुटला

भोसरी,
रविवार, रात्र

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या सिलिकॉन कार्बाइड घातलेल्या अॅल्युमिनियमचे आम्ही कापून दिलेले बार थकवा टेस्टमध्ये तुटले, तेव्हा परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "आरए ड्रॉइंगपेक्षा चांगला दिलास, मग बार तुटले कशाने?" (आरए म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं माप, जितकं कमी तितकं गुळगुळीत.) मशीनच्या आवाजात नीट बोलता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा उत्तरही तयार नव्हतं. आज शॉप बंद आहे. तुझे तुटके बार आणि भिंग घेऊन दुपारपासून बसलोय.

आधी कबुली देतो. पहिला लॉट आम्ही नेहमीच्या कार्बाइड इन्सर्टवर, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यावर घेतला. "अॅल्युमिनियमच तर आहे," मशीन लावून देणारा सेटर म्हणाला आणि मीही मान डोलावली. तिसऱ्याच बारला धार गेली. जाणारच की! तुझ्या धातूत शंभराला वीस भाग सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे ग्राइंडिंग व्हीलमध्ये घालतात तोच दगड. त्याचा कडकपणा विकर्सच्या मापावर २,५०० च्या आसपास, आमच्या इन्सर्टचा १,५०० ते १,८००. टूल जॉबला कापतंय की जॉब टूलला, हेच कळेना. मग फिनिश मापात यावा म्हणून सेटरने लेथवरच एमरी पेपर धरला आणि बार आरशासारखे झाले. दुसऱ्या लॉटला पीसीडी, म्हणजे कृत्रिम हिऱ्याच्या धारेचं टूल आणलं, एमरी अजिबात लावली नाही. त्यावर फीडच्या (बारच्या दर फेऱ्याला टूल जितकं पुढे सरकतं त्याच्या) रेघा उजेडात स्पष्ट दिसत होत्या. मी मनातल्या मनात त्यालाच डावा ठरवून ठेवलं होतं. आणि तुटला आधी पहिला.

तू टेस्ट बघायला आला नव्हतास म्हणून सांगतो. बारचा मधला भाग डमरूसारखा बारीक केलेला असतो. त्याला वाकवणारा भार देऊन ३,००० आरपीएमने फिरवतात. दर फेऱ्याला पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. बांधकामावरची तार आपण मागे-पुढे वाकवून तोडतो तोच प्रकार, फक्त वाकवणं फार थोडं आणि वेळा फार. पोलादाला एका ठरावीक ताणाच्या खाली ठेवलं तर ते जवळपास कायमचं टिकतं, अॅल्युमिनियमला तशी स्पष्ट लक्ष्मणरेषा नाही. म्हणून एक कोटी फेरे गाठले की पास म्हणायचं. या वेगाने एक कोटीला साडेपंचावन्न तास लागतात.

या मशीनचा वंश जुना आहे. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अॅक्सल तुटला आणि ५० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर काही वर्षांनी प्रशियात वोलर नावाच्या इंजिनिअरने रेल्वेचे अॅक्सल असेच वाकवून, फिरवून थकवले. आपण अजून त्याच रस्त्यावर आहोत.

आता मुद्दा. फिरत्या वाकण्यात सगळ्यात जास्त ताण कातडीवर, मध्यभागी शून्य. म्हणजे बारचं आयुष्य वरच्या काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) हातात, आणि तिथेच आमचं टूल फिरून गेलेलं. धारेसमोर सिलिकॉन कार्बाइडचा कण आला की तो एक तर फुटतो, नाहीतर मऊ अॅल्युमिनियममध्ये आत रेटला जातो, नाहीतर उपटून निघतो आणि मागे खड्डा ठेवतो. आत रेटला गेला तरी धातूशी त्याची पकड सुटलेली असू शकते. बोथट कार्बाइडने यातलं सगळंच केलं, वर कमी स्पीडला धारेवर अॅल्युमिनियम चिकटून बसलं ते वेगळंच. ते मधूनच सुटून जॉबवर थापलं जातं. भिंगातून मला एका ठिकाणी तुटीच्या कडेला असाच खड्डा दिसतोय, वरून अॅल्युमिनियमचा पापुद्रा ओढलेला, भिंतीतल्या भोकावर चुना फासावा तसा. आरए मोजणारी सुई त्या पापुद्र्यावरून अलगद निघून गेली असणार. तिचा दोष नाही, तिला वरचंच दिसतं.

एमरीने आणखी एक घोळ केला. लेथ फिरत असताना पेपर धरला म्हणजे ओरखडे बारभोवती गोल उठले, ताणाला बरोबर आडवे. चीर पडायला तयार वाटच मिळाली. टेस्टचे बार लांबीच्या दिशेने पॉलिश करायचे असतात, ते यासाठी. शिवाय टूल कातडी दाबत जातं तेव्हा वरच्या थरात बहुतेक वेळा दाबाचा ताण शिल्लक राहतो. चीर उघडायच्या आधी हा दाब मोडावा लागतो, म्हणजे तो आपल्या बाजूचा. तुझ्या मटेरियलमध्ये त्याची किंमत जास्त, कारण अॅल्युमिनियम तापल्यावर सिलिकॉन कार्बाइडच्या पाच-सहा पट पसरतं. हीट ट्रीटमेंटनंतर पाण्यात बुडवलं की ते आकसायला बघतं, कण आकसू देत नाहीत, आणि धातू आतून ताणलेलाच राहतो. एमरीने तो दाबलेला थर थोडाफार खरवडला असावा, असा माझा अंदाज. एक्स-रेने शिल्लक ताण मोजल्याशिवाय पैज मारणार नाही.

याचा अर्थ रेघा चांगल्या असा काढू नकोस मर्दा. फीड ०.१ मिमी आणि नोज रेडियस, म्हणजे टूलच्या टोकाची गोलाई, ०.८ मिमी असेल तर हिशोबाने रेघेची खोली दीड मायक्रॉन येते. फीड दुप्पट केला की ती चौपट. आम्ही ०.१ वर राहिलो म्हणून निभावलं. ताजी धार, बारीक फीड, आणि पीसीडी बोथट व्हायच्या आत बदलायचं, मग खर्च कितीही येवो.

आता तुझ्याकडे वळतो, रागावू नकोस. दुसऱ्या लॉटमधला एक बार फार लवकर गेला. त्याची तूट पृष्ठभागाखालून सुरू झालेली दिसते आणि तिथे कणांचा गठ्ठा आहे. पिठल्यात बेसनाची गुठळी राहावी तसा. वरून हलवलेलं दिसतं, आत कोरडं पीठ. तिथे आमचं टूल कितीही शहाणं असलं तरी काही चालत नाही. वितळल्यावर ढवळायचा वेळ आणि कण घालायचा वेग तूच बघ.

गिऱ्हाईक ब्रॅकेटची भोकं वायरकटने, म्हणजे तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी कापून काढा म्हणतंय. मी नाही म्हणणार आहे. वायरकटने वितळून पुन्हा गोठलेला थर राहतो, त्यात बारीक चिरा आणि चीर उघडणारा, ओढीचा ताण. भोकाच्या कडेला आधीच तिप्पट ताण असतो, त्यात हे कशाला? ड्रिल करून पीसीडीने रीम करू, म्हणजे भोक बारीक कापून मापात आणू, वेळ लागला तर लागू दे.

पुढचे बार पाठवशील तेव्हा कुठल्या ओतणीचे आहेत ते टोकावर पंचने मार. मागच्या वेळी तुझ्या माणसाने खडूने लिहिलं होतं, कूलंटमध्ये सगळं धुऊन गेलं.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की भडंग संपली.

तुझा,
विन्या

ता. क. : सेटरच्या ड्रॉवरमधून एमरीचा रोल काढून माझ्या कपाटात ठेवलाय. तो दोन दिवस शोधतोय.