रात्रपाळीच्या सिस्टरला खोली देताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालये, मिहानमधले एम्स अशा ठिकाणी तीन-सहा महिन्यांच्या कंत्राटावर येणाऱ्या परिचारिकांना सामानासह खोल्या किरायाने दिल्या जातात. पाटीवर ‘फर्निश्ड’ असते. आत दिवाण, कपाट आणि भिंतीवर टीव्ही. टीव्ही बघतो कोण? नाइट करून सकाळी नवाला परतलेल्या सिस्टरला झोप हवी असते, तीही मे महिन्यातल्या भर दुपारी, पारा ४५ अंशांवर असताना.

उजेड नको म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात आणि एका खिडकीत कूलर सुरू करतात. घोळ इथेच होतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून (कूलरच्या बाजूच्या गवती जाळीतून) आत ढकलतो. तेवढीच हवा निघून जायला वाट नसेल तर तासाभरात अंग चिकचिकते, चादर ओलसर लागते आणि दोष कूलरला जातो. त्याच्या समोरच्या भिंतीत छताजवळ झरोका उघडा हवा, नाहीतर एक्झॉस्ट पंखा. झरोक्यावर बाहेरून पत्र्याची तिरपी झडप बसवली की हवा जाते, ऊन येत नाही. दुसऱ्या खिडकीचा पडदा गडद अस्तराचा आणि चौकटीपेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच रुंद घ्यावा. खोलीच्या आतच कूलर मांडणे म्हणजे तीच दमट हवा घुसळणे.

भर उन्हाळ्यात एक कूलर दिवसाला ५०-६० लिटर पाणी सहज पितो. फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी कमी झाले की आपोआप भरणारी तोटी) आणि नळी जोडून दिली नाही तर माणूस झोपलेले असताना टाकी आटते आणि पंप कोरडा चालून जळतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून घ्या. डेंग्यूचा डास अंड्यातून आठ-दहा दिवसांत तयार होतो. लोखंडी कूलरला अर्थिंग आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर खोली किरायाने देऊच नये. इंडक्शन शेगडीचेही तसेच: २,००० वॉट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, ६ अँपिअरचा सॉकेट वितळतो. तिला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट लागतो.

आता करार. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरतात, उलट सिद्ध करणे मालकाकडे. खर्च तरी किती? ८,००० किराया, १६,००० अनामत, अकरा महिने: मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी १,०००, वर थोडे हाताळणी शुल्क. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याच्या कराराची, ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

कंत्राट मध्येच संपते किंवा बदली होते, म्हणून लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी खोली सोडता न येण्याची अट, नको. एक महिन्याची सूचना पुरे. सबमीटर (खोलीपुरता वेगळा वीजमीटर) बसवून युनिटचा दर करारातच लिहा, नाहीतर कूलरच्या महिन्यात भांडण ठरलेले. किल्ली देताना मीटरचे रीडिंग, गादी आणि कूलरचा पंप यांचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. अनामत परत करताना बहुतेक वाद त्या गादीवरच्या डागावरून होतात.

– एक घरमालक, हनुमाननगर, नागपूर